शेती ट्रस्टमध्ये घातली की कर वाचतो?

प्रश्न : बेगडेवाडीजवळ आमची वडिलोपार्जित जमीन आहे. सातबाऱ्यावर आम्हा तिघा भावांची नावे आहेत. थोडा इंद्रायणी भात होतो. बाकी जागेवर गोडाऊनचे भाडे येते. फॅमिली ट्रस्ट केल्यास सगळेच करमुक्त होईल, असे एक सल्लागार म्हणतात. खरे आहे का?

उत्तर : नाही. भाताच्या उत्पन्नावर आजही प्राप्तिकर नाही. त्यासाठी ट्रस्ट कशाला? आणि गोडाऊनचे भाडे ट्रस्टच्या नावाने आले म्हणून ते शेतीचे उत्पन्न होत नाही. उलट, कोणाला किती द्यायचे हे विश्वस्तांच्या मर्जीवर ठेवलेत, तर त्यावर सहसा सर्वोच्च दराने, म्हणजे 30 टक्के अधिक अधिभार व उपकर, असा कर बसतो. ट्रस्ट हवा तेव्हा मोडण्याचा हक्क स्वतःकडे ठेवलात, तर उत्पन्न तुमचेच धरतात.

जमीन विकण्याचा विचार असेल, तर आणखी एक. दहा लाखांहून अधिक लोकवस्तीच्या शहराच्या हद्दीपासून सरळ रेषेत 8 किलोमीटरच्या आतली शेतजमीन भांडवली मालमत्ता ठरते. पिंपरी-चिंचवड तुमच्या उंबऱ्याशी आहे. विक्रीच्या नफ्यावर कर लागेलच. मात्र कसलेल्या जमिनीचा नफा दोन वर्षांत दुसऱ्या शेतजमिनीत गुंतवला तर सवलत मिळते.

तुमच्यासाठी सरळ मार्ग असा : तिघांचे हिस्से निश्चित करा, भाडेकरारावर तिघांची नावे घाला आणि भाड्याचा आपापला वाटा आपापल्या विवरणपत्रात दाखवा. ट्रस्टची फी वाचेल.