आगमनकाळ : वाट पाहण्याचे दिवस

नाताळ म्हटला की आपल्या वर्गमित्रांच्या डोळ्यांपुढे चांदणी, केक आणि सुट्टी उभी राहते. त्याआधी सुमारे चार आठवड्यांचा एक प्रतीक्षेचा काळ असतो, हे फारसे कोणास ठाऊक नसते. खरे सांगायचे तर, वसईच्या ख्रिस्ती घरात जन्मूनही गेल्या वर्षापर्यंत मीही तो नावापुरताच जाणत होतो.

‘आगमन’ हा ‘ॲडव्हेंटस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ. ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळच्या रविवारी हा काळ सुरू होतो व नाताळच्या वारानुसार २२ ते २८ दिवस चालतो. कॅथलिक उपासनेचे नवे वर्षही त्याच रविवारी उजाडते. वर्षाचा आरंभ सणाने न करता वाट पाहण्याने करावा, ही कल्पना मला विलक्षण वाटते. सहाव्या शतकात गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणापासून नाताळापर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास करीत. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक आजही ४० दिवसांचा उपवास पाळतात.

आता आमच्याकडे उपवास उरला नाही. धर्मगुरूंची वस्त्रे जांभळी होतात, रविवारच्या मिस्सात गौरवगीत गात नाहीत, आणि हिरव्या पानांच्या चक्रावर दर रविवारी एक मेणबत्ती अधिक पेटते. तिसऱ्या रविवारची गुलाबी. तो आनंदाचा रविवार. हे चक्र मात्र फार जुने नाही. हॅम्बुर्ग येथे अनाथ व गरीब मुलांचे आश्रमगृह चालविणाऱ्या योहान विखेर्न यांनी १८३९ मध्ये गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. ‘नाताळ कधी?’ असे मुले रोज विचारीत, म्हणून, असे सांगतात. माझी आजी निरक्षर. पण ‘आज कितवी बत्ती?’ हे तिला विचारावे लागत नाही.

वारकरी घरातला माझा एक मित्र म्हणाला, “तुमच्यात माणूस देवाची वाट पाहतो; आमच्यात देवच विटेवर उभा राहून पुंडलिकाची वाट पाहतो.” यावर मला चटकन उत्तर सुचले नाही. अजूनही पुरते सुचलेले नाही.

या काळात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाची वाचने येतात. वाकड्या वाटा सरळ करा, असे तो सांगतो. लोक विचारतात, म्हणजे आम्ही नेमके काय करावे? लूकच्या शुभवर्तमानात त्याची उत्तरे अगदी साधी आहेत : दोन अंगरखे असतील त्याने एक द्यावा, जकातदाराने ठरल्यापेक्षा अधिक घेऊ नये, शिपायाने पगारावर समाधान मानावे. उपवासाचे तेथे नावही नाही. प्रत्येकाची वाकडी वाट त्याच्या रोजच्या व्यवहारातच होती.

माझी कोठे होती, हे मला ठाऊक होते. थोरल्या भावाने शाळा सोडून वाडीत काम केले, म्हणून मी महाविद्यालयात येऊ शकलो. गेल्या पावसाळ्यात एका भांडणात मी त्याला चारचौघांत ‘अडाणी’ म्हणालो. त्यानंतर आम्ही एकाच ताटलीतली भाकरी खात होतो, पण बोलत नव्हतो. आगमनकाळाचे तीन रविवार मी पापनिवेदनाला जाण्याचे टाळले; धर्मगुरूंपुढे बोलणे सोपे होते, त्याच्यापुढे नव्हते. चौथ्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी मी वाडीत गेलो. तो केळीला पाणी सोडीत होता. मी चुकलो म्हणालो. त्याने ऐकले, आणि “तो पाट मोकळा कर, पाणी अडलंय,” एवढेच म्हणाला. मी चप्पल काढून पाटात उतरलो.