पीएमआय वर गेला, म्हणून चिप्स भरून ठेवाव्यात का?

प्रश्न : भोसरीत आमचे दुचाकींचे कंट्रोलर बोर्ड जुळवणारे छोटे युनिट आहे. दर महिन्याच्या सुरुवातीला ‘उत्पादन क्षेत्राचा पीएमआय 57 वर’ अशा धर्तीची बातमी येते. आकडा चढला की सुट्या भागांची मागणी वाढणार, असे धरून आधीच खरेदी करावी का?

उत्तर : शंका रास्त आहे, आणि उत्तर ‘लगेच नको’ असे आहे. 57 म्हणजे कारखानदारी 57 टक्क्यांनी वाढली असे समजणारेही पुष्कळ भेटतात, तेव्हा आधी पीएमआय, म्हणजे परचेसिंग मॅनेजर्स इंडेक्स, हा आकडा तयार कसा होतो ते पाहू.

भारतात सुमारे 400 कारखान्यांच्या परचेस मॅनेजरांना दरमहा विचारतात : गेल्या महिन्यापेक्षा ऑर्डर वाढल्या, तेवढ्याच राहिल्या की घटल्या? समजा, शंभरातले 30 म्हणाले वाढल्या, 50 म्हणाले तेवढ्याच आणि 20 म्हणाले घटल्या. 30 मध्ये 50 चे निम्मे मिळवले की निर्देशांक झाला 55. पन्नासच्या वर म्हणजे वाढ सांगणारे जास्त, एवढेच. गल्लीतल्या घरोघरी ‘आज कालच्यापेक्षा पाणी जास्त आले का’ असे विचारले, तर टाकीत पाणी किती आहे ते कळत नाही, तसेच हे. निर्देशांक 52 चा 57 झाला म्हणून तुमचे बोर्ड पाच टक्के जास्त खपतील असे नाही.

शिवाय पीएमआय हा पाच प्रश्नांचा मिळून एक आकडा आहे : नव्या ऑर्डर, उत्पादन, रोजगार, पुरवठ्याला लागणारा वेळ आणि साठा. यातला चौथा फसवा आहे. माल उशिरा येऊ लागला, तर पुरवठादारांकडे कामाची गर्दी असणार, असे धरून तो उशीर निर्देशांक वर नेतो. एप्रिल 2020 मध्ये अमेरिकेत काय झाले पाहा. नव्या ऑर्डरींचा आकडा होता 27.1, उत्पादन आणि रोजगार दोन्ही 27.5, साठा 49.7, पण टाळेबंदीने वाहतूक अडल्यामुळे पुरवठ्याचा आकडा 76 झाला. तिथे पाचही घटकांना सारखे वजन असते, त्यामुळे सरासरी आली 41.5. मागणी तळाला गेली होती, तरी मथळ्यातला आकडा तेवढा वाईट दिसत नव्हता. म्हणून मथळा सोडून आतला ‘नव्या ऑर्डरीं’चा आकडा पाहावा आणि तो साठ्याच्या आकड्याशी ताडून पाहावा. ऑर्डर चढत आहेत आणि साठा उतरतो आहे, असे सलग दोन-तीन महिने दिसले, तर ती खरी खूण.

तरीही ऑर्डर म्हणजे खप नव्हे, आणि सुट्या भागांच्या धंद्यात सगळी गंमत इथेच आहे. समजा, एका कारखान्याला महिन्याला 1000 मायक्रोकंट्रोलर लागतात आणि तो दोन महिन्यांचा, म्हणजे 2000 चा साठा ठेवतो. खप दहा टक्क्यांनी वाढून 1100 झाला, की साठाही 2200 हवा. त्या महिन्याची ऑर्डर जाते 1300 ची, म्हणजे तीस टक्के जास्त! पुढच्या महिन्यात खप पुन्हा 1000 वर आला, तर जादा 200 घरातच आहेत. ऑर्डर जाते फक्त 800 ची. खप जेमतेम हलला, पण चिप बनवणाऱ्याला आधी तेजी दिसली आणि मग मंदी. मधल्या वितरकांनीही असेच केले, की हेलकावा आणखी मोठा होतो.

2020 नंतर जगाने हेच अनुभवले. मोटार कंपन्यांनी टाळेबंदीत चिप्सच्या ऑर्डर रद्द केल्या, ती क्षमता लॅपटॉप आणि मोबाइलकडे वळली, आणि गाड्यांचा खप सावरला तेव्हा चिप मिळेना. लीड टाइम, म्हणजे ऑर्डर दिल्यापासून माल मिळेपर्यंतचा वेळ, लांबला तसे घाबरून एकाच मालाच्या ऑर्डर दोन-तीन ठिकाणी दिल्या गेल्या. 2021 मध्ये त्या ऑर्डरींमुळे निर्देशांक फुगले. पुढच्याच वर्षी मोबाइल-लॅपटॉपचे भाग गोदामांत साचू लागले, आणि नोव्हेंबर 2022 मध्ये अमेरिकेचा निर्देशांक पन्नासच्या खाली उतरला. मोटारींच्या चिप्सची चणचण मात्र त्यानंतरही काही काळ राहिली. सगळे सुटे भाग एकाच वेळी महाग किंवा स्वस्त होत नाहीत, हे यातून ध्यानात घ्यावे.

तुमच्यापुरते दोन प्रश्न वेगळे करा. बोर्ड किती खपतील, हे दुचाकींची विक्री आणि तुमच्या ग्राहकाचे वेळापत्रक पीएमआयपेक्षा चांगले सांगेल. चिप मिळेल का आणि कधी, हे मात्र जगाच्या बाजारावर ठरते. त्यासाठी भारताच्या पीएमआयबरोबर कोरियाची चिप-निर्यात पाहा. तिथले पहिल्या वीस दिवसांचे आकडे त्याच महिन्यात जाहीर होतात. तैवानच्या कंपन्याही दरमहा आपली विक्री सांगतात.

ही लक्षणे एका दिशेने जात असतील आणि तुमचा वितरकही लीड टाइम वाढवून सांगत असेल, तर ज्याला पर्याय नाही असा मायक्रोकंट्रोलर आधी मागवा. कपॅसिटर-रेझिस्टर दुसऱ्या कंपनीचे चालतात, त्यांत पैसा अडकवायची सहसा गरज नसते. मात्र 2018 मध्ये सिरॅमिक कपॅसिटरांचीच जगभर टंचाई झाली होती, तेव्हा पर्यायी कंपनीचा कपॅसिटर ग्राहकाकडून आताच मंजूर करून ठेवा. ऐन टंचाईत ती मंजुरी मिळेपर्यंत लाइन थांबते.