थॅडियस स्टीव्हन्स : मोफत शाळांचा कैवारी

अमेरिकेचा इतिहास वाचतांना लिंकनचें नांव आपल्या कानीं वारंवार पडतें. परंतु त्याच काळांतील दुसऱ्या एका वकिलाची ओळख आपणांपैकीं थोड्यांसच असेल. तो वकील म्हणजे थॅडियस स्टीव्हन्स. त्याचें चरित्र शाळेच्या ह्या अंकांत देणें आम्हांस उचित वाटतें.

थॅडियसचा जन्म ४ एप्रिल १७९२ रोजीं व्हर्मांट संस्थानांत झाला. एक पाय जन्मतःच वांकडा, घरीं दारिद्र्य, आणि वडिलांचा आधार लौकरच तुटलेला. मुलांस शिक्षण मिळावें म्हणून त्याची आई पीचम गांवीं जाऊन राहिली व कष्ट करून तिनें मुलें वाढविलीं. १८१४ सालीं थॅडियस डार्टमथ कॉलेजांतून पदवीधर झाला. पुढें पेनसिल्व्हेनियांत शिक्षकाचें काम करीत त्यानें कायद्याचा अभ्यास केला आणि १८१६ सालीं गेटिसबर्ग येथें वकिली मांडली.

वकिलींत त्यांस यश आलें. पण तें सर्वच भूषणावह नव्हतें. १८२१ सालीं चॅरिटी बटलर नांवाच्या स्त्रीच्या स्वातंत्र्याचा खटला चालला, त्यांत स्टीव्हन्स मालकाच्या बाजूनें उभे राहिले. बाहेरून आणलेला गुलाम सहा महिने सलग पेनसिल्व्हेनियांत राहिल्यास मुक्त होई. तिचें राहणें सलग नव्हतें, ह्या मुद्द्यावर त्यांनीं खटला जिंकला, आणि ती माउली मुलांसह दास्यांतच राहिली. पुढें मात्र त्यांनीं आपली सारी विद्या गुलामांच्या बाजूस लावली.

१८३३ सालीं ते पेनसिल्व्हेनियाच्या कायदेमंडळावर निवडून आले. दुसऱ्याच वर्षीं तेथें मोफत शाळांचा कायदा झाला. परंतु शाळांसाठीं कर द्यावयाचा म्हणतांच ओरड सुरू झाली. हजारों लोकांनीं विरोधाचे अर्ज केले, आणि सिनेटनें कायदा रद्द करण्याच्या बाजूनें मत दिलें. ११ एप्रिल १८३५ रोजीं स्टीव्हन्स खालच्या सभागृहांत बोलावयास उठले. ज्यांस शाळेचा लाभ नाहीं त्यांनीं कर कां द्यावा, हा मुख्य आक्षेप होता. त्यांचें उत्तर असें कीं, ज्यानें कधीं फिर्याद केली नाहीं तोहि न्यायालयासाठीं कर देतोच. गुन्हेगारांस तुरुंगांत पोसण्याचा खर्च आपण निमूटपणें सोसतों, मग मनुष्य गुन्हेगार होऊंच नये म्हणून लागणारा खर्च कां टाळावा? जुन्या व्यवस्थेंत फुकट शिकावयाचें तर मुलाची नोंद कंगाल म्हणून करावी लागे. ह्या पद्धतीनें गरिबांस डाग लागतो, असेंहि त्यांनीं बजावलें. सभागृहानें त्यांचें ऐकलें व कायदा टिकला.

पुढें ते काँग्रेसचे सभासद झाले. यादवी युद्धाच्या काळांत, १८६१ ते १८६५ पर्यंत, अर्थसमितीचें अध्यक्षपद त्यांजकडे होतें. गुलामगिरीचा अंत करणारी तेरावी व सर्वांस कायद्याचें समान संरक्षण देणारी चौदावी, ह्या दोन्ही घटनादुरुस्त्यांसाठीं ते झटले. ज्या अमेरिकनांनीं गुलामांस मुक्त केलें, त्यांस जोतीराव फुले ह्यांनीं १८७३ सालीं आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक अर्पण केलें. त्या मंडळींत स्टीव्हन्स ह्यांचें स्थान वरचें आहे.

११ ऑगस्ट १८६८ रोजीं ते निवर्तले. इतर दफनभूमींत वर्णभेद पाळला जाई, म्हणून लँकेस्टर येथील एका लहानशा, सर्वांस खुल्या दफनभूमींत त्यांनीं आपली जागा ठरविली होती. तें कारण आजहि त्यांच्या थडग्यावर वाचावयास मिळतें.

आईच्या कष्टांनीं मिळालेली विद्या एकदां अन्यायाच्या कामीं आली, आणि तीच पुढें असंख्य मुलांच्या उपयोगीं पडली. आपली विद्या कोणाच्या बाजूनें उभी करावयाची, हें ज्याचें त्यासच ठरवावें लागतें. शाळा सोडून जाणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें, अशी आमची इच्छा आहे.