तिसऱ्यांदा ‘नीट’? नको

‘मॅडम, दुसऱ्यांदाही थोडक्यात हुकलं. अजून एक ड्रॉप घेऊ द्यावा का?’ दर निकालानंतर हे विचारतात ते आई-वडील. पोरगी शेजारी मान खाली घालून बसलेली असते. माझं उत्तर : नको. खासगी कॉलेजच्या फीसाठी जमीनही विकू नका. पशुवैद्यक, फार्मसी, नर्सिंग हे रस्ते तुम्हाला ठाऊक आहेत.

पण जिला जीवशास्त्र खरंच आवडतं, तिने परोपजीवी चपट्या कृमींचा चयापचय हा विषय जरूर बघावा. कत्तलखान्यातून आणलेल्या म्हशीच्या यकृताची पित्तनलिका कापायची, पानासारखा चपटा पर्णकृमी अलगद काढायचा, कोमट सलाईनमध्ये धुवायचा आणि पोषक द्रावणात 37 अंशांवर ठेवायचा. काही तासांनी मोजायचं : ग्लुकोज किती घटलं, द्रावणात काय साठलं? पित्तनलिकेत ऑक्सिजन जेमतेम, म्हणून हा कृमी मुख्यतः अ‍ॅसिटेट आणि प्रोपिओनेट बाहेर टाकतो. त्यासाठी तो वापरतो त्या ऱ्होडोक्विनोन या रसायनावर माणसाचं शरीर अवलंबून नसतं. औषध शोधणाऱ्याला नेमकी अशीच जागा हवी असते. रक्तात राहणारा शिस्टोसोमा हा चपटा कृमी तर तासाला स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे पाचव्या भागाइतकं ग्लुकोज फस्त करतो, हे संशोधक अर्नेस्ट ब्यूडिंग यांनी 1950 मध्येच दाखवलं.

हे दूरचं वाटत असेल, तर शिस्टोसोमाचा संसर्ग आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात 1952 साली नोंदला गेला आहे. आफ्रिकेत कोट्यवधी लोक त्याने ग्रासलेत आणि उपचारांची सगळी भिस्त प्राझिक्वांटेल या एकाच औषधावर आहे.

पालकांनो, ‘नातेवाइकांना काय सांगायचं?’ ही तुमची अडचण आहे, ती मुलीच्या गळ्यात बांधू नका. क्लासची फी भरली म्हणून तिच्या आयुष्याची वर्षं तुमच्या मालकीची होत नाहीत. ती रात्री जेवत नसेल, तर मॉक टेस्टचे मार्क विचारणं आधी थांबवा.

संशोधनाच्या या वाटेवर पैसा उशिरा येतो आणि कायम नोकऱ्या मोजक्या असतात, हेही ऐकून घ्या. बीएस्सी, एमएस्सी, मग नेट. जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर महिना 37,000 रुपये. लखनौची सीडीआरआय (केंद्रीय औषध संशोधन संस्था), इज्जतनगरची आयव्हीआरआय (भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था), परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय इथल्या परोपजीवीशास्त्राच्या कामाची माहिती आत्ताच काढा. बीएस्सीला प्राणिशास्त्र घेतलंत तरी रसायनशास्त्र सोडू नका. कृमी काचेत जगवल्यावर पुढचं सगळं काम रसायनाचंच आहे.