सुकविलेलीं फुलें राळेंत जतन करण्याची कृति

दसरा-दिवाळींत झेंडूस जो भाव असतो तो सण सरतांच उतरतो, हें धर्मापुरीकडील बागाईतदारांस नव्यानें सांगावयास नको. फूल हा नाशवंत माल. सबब निवडक फुलें सुकवून पारदर्शक राळेंत, म्हणजे रेझिनमध्यें, बसविण्याचा जो घरगुती धंदा अलीकडे चालू झाला आहे, त्याची माहिती येथें देत आहों. लग्नांतील वरमाला अशा रीतीनें जतन करून घेण्याची चाल शहरांतून बरीच पडली आहे.

ही युक्ति मूळची निसर्गाची. झाडाच्या चिकांत अडकलेला जीव, तो चीक घट्ट होऊन तृणमणि बनला म्हणजे, आंत जसाच्या तसा राहतो. सुरत जिल्ह्यांतील वस्तानच्या लिग्नाइट खाणींत असे सुमारें ५ कोटि वर्षांपूर्वींचे कीटक सांपडल्याचें २०१० सालीं प्रसिद्ध झालें. हल्लींची राळ मात्र कारखान्यांत होते. तीस इपॉक्सी म्हणतात.

या कामाचें सर्व यश फूल निःशेष सुकण्यावर आहे. ओल राहिल्यास तें आंतल्या आंत तपकिरी पडतें, आणि राळ घट्ट झाल्यावर उपाय चालत नाहीं. म्हणून फूल दंव वाळल्यावर तोडावें. हवाबंद डब्यांत सिलिका जेलच्या कणांचा थर देऊन त्यावर फूल ठेवावें व कण पाकळ्यांमध्यें अलगद भरून तें झांकावें. गुलाबास साधारण आठवडा लागतो; झेंडूचा देंठाकडील भाग जाड, त्यास अधिक. नमुन्याचें एक फूल नाजूक कांट्यावर रोज तोलून टिपण ठेवावें. लागोपाठ दोन दिवस वजन घटलें नाहीं, म्हणजे सुकलें असें समजावें. तांबडा गुलाब काळसर होतो, मोगरा तपकिरी पडतो, झेंडूचा केशरी रंग बराच टिकतो. सबब आरंभ झेंडूच्या सुट्या पाकळ्यांनीं करावा.

राळ व तीस घट्ट करणारें द्रव्य बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणांतच घ्यावें. अंदाज चालत नाहीं. मिश्रण सावकाश ढवळावें, नाहींतर बुडबुडे धरतात. सांच्यांत पातळ थर ओतून फूल बसवावें व तो आळल्यावर पुढचा थर द्यावा. एकदम जाड थर दिल्यास मिश्रण तापून तडकतें. नंतर एक ते तीन दिवस धूळ लागूं देऊं नये.

काम मोकळ्या हवेंत, हातमोजे घालून करावें. कच्ची राळ वारंवार अंगास लागल्यास खाज व पुरळ उठतें, आणि तें एकदां जडलें कीं पुढें थोड्या स्पर्शानेंहि उलटतें. वाया गेलेले तुकडे उकिरड्यांत टाकूं नयेत. ते कुजत नाहींत, खतांतून शेतांत येतात.

या धंद्यांत सबंध तोड खपेल अशी आशा कोणी धरूं नये. येथें मोल फुलांच्या राशीस नसून सुकविणाऱ्या हातास आहे. उन्हांत राळ पिवळी पडते, सबब वस्तु 'कायमची' म्हणून विकूं नये. कर्ज काढून सामान घेण्यापूर्वीं दहा नग करावे, राळ, जेल व मजुरी यांचा हिशेब मांडावा, आणि कांहीं उरलें तरच पुढें जावें, अशी आमची सूचना आहे.