झोपेची गोळी, संध्याकाळचा पेग आणि उतारवय

व्यसन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तरुण किंवा मध्यमवयीन माणूस येतो. सत्तरीच्या आजोबांना वा आजींना कोणी व्यसनी म्हणत नाही. म्हणूनच त्यांच्या बाबतीत ही गोष्ट घरच्यांच्या फार उशिरा लक्षात येते.

वयस्कर रुग्णांना मी घरातली औषधांची पिशवीच घेऊन यायला सांगतो. त्यात बरेचदा अल्प्राझोलम किंवा डायझेपामची पट्टी निघते. घरात कोणी गेले तेव्हा किंवा ऑपरेशननंतर काही दिवसांपुरती दिलेली ही गोळी वर्षानुवर्षे चालू राहते. "तिच्याशिवाय डोळाच लागत नाही," हे उत्तर ठरलेले. निवृत्तीनंतर संध्याकाळी 'औषधापुरती' घेणारेही असतात आणि काहींचे दोन्ही चालू असते.

उतारवयात शरीरातील पाण्याचे प्रमाण घटते. त्यामुळे पूर्वीइतकाच पेग घेतला तरी रक्तातील दारूचे प्रमाण अधिक वाढते. यकृताचे कामही मंदावते. डायझेपाम तर चरबीत साठते व शरीराबाहेर पडायला अनेक दिवस घेते. त्यात रोज नव्या गोळीची भर पडते. दारू आणि ही गोळी दोन्ही मेंदूला गुंगी आणतात. एकत्र आल्या तर श्वास मंदावून प्रकरण जिवावर बेतू शकते. मधुमेहाच्या काही गोळ्यांबरोबर दारू घेतल्यास साखर एकदम उतरते, तर अॅस्पिरिनबरोबर घेतल्यास जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो.

लक्षणे कोणती? दिवसा पेंग येणे, बोलण्यात जडपणा, चिडचिड, विसराळूपणा, रात्री लघवीला उठताना तोल जाणे. एकदा पडून खुब्याचे हाड मोडले की पुन्हा पूर्वीसारखे हिंडणे-फिरणे अनेकांना जमत नाही. घरचे मात्र "वय झाले" म्हणून सोडून देतात. एका आजींना मुलाने 'विसरण्याचा आजार' म्हणून माझ्याकडे आणले होते. गोळी हळूहळू कमी केल्यावर काही आठवड्यांत त्या पुन्हा हिशेबाने दूधवाल्याचे पैसे देऊ लागल्या. प्रत्येकाचे असेच होईल असे नाही, पण आधी औषधांची पिशवी तपासावी.

आता सर्वांत महत्त्वाचे. हे वाचून गोळी किंवा रोजची दारू आज एकाएकी बंद करू नका. शरीराला सवय झालेली असल्यास हातपाय थरथरतात, भ्रम होतो, फिट येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्यानेच ती सोडवावी लागते.

घरच्यांनी एवढे करावे :

१) सर्व औषधांची यादी करून प्रत्येक डॉक्टरांना दाखवावी. दारू घेत असल्यास तेही न लाजता सांगावे.

२) जुन्या चिठ्ठीवर किंवा शेजाऱ्याच्या सांगण्यावरून झोपेची गोळी आणू नये. अल्प्राझोलम, डायझेपाम, झोल्पिडेम ही औषधे १ मार्च २०१४ पासून 'एच-वन' यादीत आहेत. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायची व मेडिकलवाल्याने स्वतंत्र रजिस्टरात नोंदवायची असतात.

३) दुपारची झोप अर्ध्या तासावर आणावी, संध्याकाळचा चहा बंद करावा, सकाळी उन्हात फिरावे.

४) मन उदास असेल, एकटेपणा खात असेल तर सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते.

गोळीमागे पुष्कळदा एकटेपणाच असतो. रात्री जेवणानंतर आईवडिलांजवळ थोडा वेळ बसावे. त्यांची झोप का उडाली आहे, हे तेव्हाच कळते.