एनएफएलचे डिव्हिजन विजेते निवडताना: काय करावे, काय टाळावे

नवा हंगाम सुरू होण्याआधी आठही डिव्हिजनचे विजेते सांगायचे असतील, तर हे नियम पाळा. दोन्ही याद्यांतले समान क्रमांकाचे नियम जोडीने वाचा.

काय करावे

*तयारी*

१. आठही डिव्हिजनचे विजेते निवडा. सोप्या तेवढ्याच निवडल्या तर तो अंदाज अर्धवट राहतो.

२. प्रत्येक डिव्हिजनमधल्या चारही संघांना पहिला ते चौथा असा क्रम द्या, म्हणजे विजेत्याला कोण गाठू शकतो हेही ठरते.

३. कच्चा अंदाज मे महिन्यात वेळापत्रक जाहीर झाल्यावर मांडा. तोवर एप्रिलचा ड्राफ्ट उरकलेला असतो.

४. अंतिम अंदाज ऑगस्टअखेर ५३ खेळाडूंचे संघ ठरल्यावरच पक्का करा. २०२५ मध्ये मायका पार्सन्स काउबॉइजकडून पॅकर्सकडे गेला, तेव्हा हंगामाला जेमतेम आठवडा उरला होता.

५. अंदाजावर तारीख घाला आणि पहिल्या किकऑफआधी तो एखाद्या मित्राकडे पाठवून ठेवा.

६. सराव सामन्यांत दोनच गोष्टी टिपा: कोण जखमी झाले आणि पहिल्या फळीत कोण उतरले.

*माणसे*

७. सुरुवात क्वार्टरबॅकपासून करा. चार संघांचे चौघे एकाच कागदावर शेजारी शेजारी मांडा.

८. राखीव क्वार्टरबॅकलाही जोखा. २००८ मध्ये टॉम ब्रेडी पहिल्याच सामन्यात जायबंदी झाल्यावर मॅट कॅसलने पेट्रियट्सना ११-५ पर्यंत नेले.

९. नवोदित क्वार्टरबॅक असेल तर विजयांचा पल्ला रुंद ठेवा. २०२३ मध्ये सी. जे. स्ट्राउडच्या टेक्सन्सनी डिव्हिजन जिंकली, तर ब्राइस यंगचे पँथर्स २-१५ वर थांबले.

१०. क्वार्टरबॅकला सांभाळणारी पाच जणांची फळी नावानिशी तपासा. तिथे भोक पडले की बाकीचे आक्रमण कोलमडते.

११. बचावालाही आक्रमणाइतकाच वेळ द्या. २०२४ मध्ये जो बरोने लीगमध्ये सर्वाधिक ४३ टचडाउन पास दिले, तरी बेंगल्स ९-८ वरच अडकले.

१२. नव्या मुख्य प्रशिक्षकाचे वजन मोजा. जिम हार्बॉ आल्यावर चार्जर्स ५-१२ वरून २०२४ मध्ये ११-६ वर पोहोचले.

१३. सोडून गेलेल्या को-ऑर्डिनेटरांची नोंद ठेवा. २०२४ च्या हंगामानंतर लायन्सचे बेन जॉन्सन बेअर्सकडे आणि आरन ग्लेन जेट्सकडे मुख्य प्रशिक्षक म्हणून गेले.

१४. दुखापतींनी पोखरलेल्या संघाला सावरायला वाव द्या. २०२४ मध्ये ६-११ वर घसरलेल्या फोर्टीनाइनर्सकडून क्रिश्चन मॅकॅफ्री चारच सामने खेळला होता.

*आकडे*

१५. मागच्या हंगामातला गुणफरक आधी बघा आणि जय-पराजय नंतर. संघाची खरी ताकद गुणफरकात अधिक दिसते.

१६. केलेल्या आणि दिलेल्या गुणांवरून पायथागोरियन सूत्राने अपेक्षित विजय काढा. एनएफएलसाठी घातांक २.३७ धरण्याची पद्धत आहे.

१७. आठ किंवा त्याहून कमी गुणांनी सुटलेले सामने वेगळे काढा. त्यांतले जय-पराजय निम्मे-निम्मे धरून पुन्हा हिशेब करा.

१८. टर्नओव्हरचा टोकाचा फरक शून्याकडे ओढून घ्या. तो पुढच्या वर्षी तसाच राहणे दुर्मीळ असते.

१९. बत्तीस संघांना दिलेल्या विजयांची बेरीज करून बघा. ती २७२ यायलाच हवी, कारण एकूण सामने तेवढेच असतात.

*वेळापत्रक*

२०. डिव्हिजनमधले आपसातले बारा सामने एकेक करून सोडवा. तिथला एक विजय प्रतिस्पर्ध्याचा एक पराभवही असतो.

२१. मागच्या वर्षीच्या क्रमांकामुळे मिळालेले तीन सामने तेवढे ताडून पाहा. उरलेल्या चौदांपैकी सहा आपसातले असतात आणि आठ प्रतिस्पर्धी चौघांनाही सारखेच मिळतात.

२२. प्रतिस्पर्ध्यांची ताकद तुमच्या यंदाच्या अंदाजातूनच घ्या, म्हणजे सगळा हिशेब एका मापाने होतो.

२३. परदेशातले सामने शोधून खूण करा. यजमान संघाचा घरच्या मैदानावरचा एक सामना तिथे खर्ची पडतो.

२४. अठराव्या आठवड्याचा सामना आवर्जून बघा, तो डिव्हिजनमधलाच असतो; २०२३ च्या हंगामात बिल्सनी डॉल्फिन्सना शेवटच्या सामन्यात २१-१४ असे हरवूनच डिव्हिजन घेतली.

२५. टायब्रेकरचा क्रम पाठ करा: आपसातले सामने, डिव्हिजनमधली कामगिरी, समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्धची कामगिरी, कॉन्फरन्समधली कामगिरी आणि मग हरवलेल्या संघांची ताकद.

*इतिहास*

२६. गतविजेत्याला थोडी आघाडी द्या. आठांपैकी २०२३ मध्ये चार आणि २०२४ मध्ये सहा गतविजेत्यांनी डिव्हिजन राखली.

२७. तळाच्या संघांची गंभीरपणे छाननी करा. २०२० मध्ये वॉशिंग्टन, २०२१ मध्ये बेंगल्स, २०२२ मध्ये जग्वार्स आणि २०२३ मध्ये टेक्सन्स चौथ्या स्थानावरून थेट पहिल्या स्थानावर आले.

२८. प्रत्येक डिव्हिजनचा वेगळा इतिहास वाचा. चीफ्सनी २०१६ ते २०२४ अशी सलग नऊ वर्षे एएफसी वेस्ट जिंकली, पण एनएफसी ईस्टमध्ये २००५ ते २०२४ या काळात कोणीही लागोपाठ दोनदा जिंकले नाही.

२९. उत्तम संघ आणि डिव्हिजन विजेता हे दोन वेगळे प्रश्न माना. २०२४ मध्ये व्हायकिंग्स १४-३ करूनही १५-२ वाल्या लायन्सच्या मागे राहिले.

*शक्यता*

३०. चारही संघांना टक्केवारी द्या आणि बेरीज १०० करा. नुसत्या नावावरून तुमची खात्री किती आहे ते कळत नाही.

३१. आठही विजेते बरोबर येण्याची शक्यता आधीच मांडून ठेवा. प्रत्येक निवड ६० टक्के खात्रीची असली, तरी ती जेमतेम १.७ टक्के निघते.

३२. एक-दोन धाडसी निवडी जरूर करा, पण गुणफरक, दुखापती किंवा क्वार्टरबॅक यांपैकी एखादा ठोस आधार असेल तिथेच.

३३. अमेरिकी बाजारातले विजयसंख्येचे आकडे स्वतःचा कच्चा अंदाज लिहून झाल्यावरच उघडा, नाहीतर तेच मनात घर करतात.

*पाठपुरावा*

३४. भारतातून पाहत असाल तर वेळा लिहून ठेवा. रविवारचे दुपारचे सामने रात्री साडेदहाला सुरू होतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून साडेअकराला.

३५. हंगाम संपल्यावर स्वतःला गुण द्या. प्रत्येक टक्केवारी आणि निकाल यांतल्या फरकाचा वर्ग घ्या, बेरीज जितकी लहान तितका अंदाज चांगला.

३६. चुकलेल्या प्रत्येक निवडीपुढे कारण लिहा. माहिती अपुरी होती की हिशेब चुकला, हे वेगळे करा.

काय टाळावे

*तयारी*

१. आवडत्या संघापासून सुरुवात करू नका. त्याची डिव्हिजन सर्वांत शेवटी घ्या.

२. विजेत्याचे नाव लिहून थांबू नका. उरलेल्या तिघांचा विचार राहून जातो.

३. मार्चमधल्या मोठ्या करारांच्या बातम्यांवर विजेता ठरवू नका. महागडा खेळाडूही अकरांपैकी एकच जागा भरतो.

४. जखमींच्या राखीव यादीत हंगाम सुरू करणाऱ्या खेळाडूचे सतरा सामने धरू नका. पहिले किमान चार तो मुकतोच.

५. किकऑफनंतर अंदाजातले एक अक्षरही बदलू नका. नवा अंदाज हवा असेल तर नव्या तारखेने वेगळा लिहा.

६. सराव सामन्यांचे निकाल मोजू नका. २००८ चे लायन्स आणि २०१७ चे ब्राउन्स असे चारही सामने जिंकून खऱ्या हंगामात ०-१६ वर संपले.

*माणसे*

७. क्वार्टरबॅकच्या एकूण यार्डांवर भाळू नका. पिछाडीवरचा संघ पास जास्त फेकतो, त्यामुळे तो आकडा फुगतो.

८. मुख्य क्वार्टरबॅक सगळे सामने खेळेल असे गृहीत धरू नका. २०२३ मध्ये आरन रॉजर्सचा जेट्सकडून पहिला हंगाम चौथ्या स्नॅपवरच संपला.

९. ड्राफ्टमधल्या क्रमांकावरून नवोदितांना तोलू नका. २०२३ मध्ये यंग पहिला आणि स्ट्राउड त्याच्यानंतर निवडला गेला होता.

१०. फळीतली नवी नावे भारी दिसली म्हणून लगेच पूर्ण गुण देऊ नका. पाच जणांचा मेळ जमायला वेळ लागतो.

११. बचावाच्या एका तगड्या हंगामावर विसंबू नका. आक्रमणापेक्षा बचावाची कामगिरी वर्षागणिक जास्त हेलकावते.

१२. प्रत्येक नव्या प्रशिक्षकाकडून पहिल्याच वर्षी चमत्काराची अपेक्षा ठेवू नका. हार्बॉला जस्टिन हर्बर्टसारखा तयार क्वार्टरबॅक मिळाला होता.

१३. जुन्या प्रशिक्षकाचे सातत्य दुर्लक्षू नका. माइक टॉमलिनच्या स्टीलर्सनी २००७ ते २०२४ या काळात एकदाही विजयांपेक्षा पराभव जास्त होऊ दिले नाहीत.

१४. मागच्या वर्षी धडधाकट राहिलेला संघ यंदाही तसाच राहील असे मानू नका. दुखापती सांगून येत नाहीत.

*आकडे*

१५. नुसत्या जय-पराजयावर विश्वास ठेवू नका. २०२२ च्या व्हायकिंग्सनी १३-४ करून डिव्हिजन जिंकली, पण गुण ४२४ केले आणि ४२७ दिले.

१६. सूत्रातून आलेला आकडा अंतिम मानू नका. संघात यंदा काय बदलले ते त्याला ठाऊक नसते.

१७. निसटत्या विजयांना कायमचे कौशल्य समजू नका. त्याच व्हायकिंग्सनी असे अकराच्या अकरा सामने जिंकले आणि पुढच्या वर्षी ते ७-१० वर आले.

१८. सुटलेले चेंडू उचलण्याचे श्रेय संघाला देऊ नका. लंबगोल चेंडू कुठे उसळेल ते कोणाच्या हाती नसते.

१९. सगळ्यांना दहा-दहा विजय वाटू नका. लीगची सरासरी ८.५ च्या वर जाऊच शकत नाही.

*वेळापत्रक*

२०. तगड्या संघाला डिव्हिजनमधले सहाही विजय बहाल करू नका. वर्षातून दोनदा भेटणारे प्रतिस्पर्धी एकमेकांना चांगले ओळखून असतात.

२१. घरच्या नऊ सामन्यांना डिव्हिजनमधली बढत मानू नका. नऊ की आठ हे अख्ख्या कॉन्फरन्सला एकदम आणि वर्षाआड मिळते.

२२. प्रतिस्पर्ध्यांच्या मागच्या वर्षीच्या टक्केवारीवरून वेळापत्रक सोपे की अवघड ते ठरवू नका. ते संघ आता बदललेले असतात.

२३. सुट्टीचा आठवडा किंवा गुरुवारचा सामना पाहून विजेता बदलू नका; सतरा सामन्यांत त्यांचा वाटा लहान असतो.

२४. शेवटच्या आठवड्यात मुख्य खेळाडू उतरतीलच असे धरू नका. प्लेऑफमधले स्थान निश्चित झालेले संघ त्यांना विश्रांती देतात.

२५. समान विजय झाले तर पुढचे नशिबावर सोडू नका. २०२४ मध्ये रॅम्स आणि सीहॉक्स दोघेही १०-७ होते आणि हरवलेल्या संघांच्या ताकदीवर रॅम्स विजेते ठरले.

*इतिहास*

२६. सुपर बोल जिंकला म्हणून डिव्हिजन देऊन टाकू नका. २०२१ चे विजेते रॅम्स पुढच्याच हंगामात ५-१२ वर आले.

२७. तळाचा प्रत्येक संघ उसळी घेईल असे समजू नका; १९९० ते २०२४ या काळात ब्राउन्सना एकदाही डिव्हिजन जिंकता आली नाही.

२८. विजयांची मालिका अखंड चालेल असे मानू नका. पेट्रियट्सनी २००९ ते २०१९ सलग अकरा वेळा एएफसी ईस्ट जिंकली आणि २०२० मध्ये ती बिल्सकडे गेली.

२९. ठरावीक विजयसंख्येला डिव्हिजनची हमी समजू नका. २०१० मध्ये सीहॉक्सना ७-९ पुरले, २००८ च्या पेट्रियट्सना मात्र ११-५ देखील पुरले नाही.

*शक्यता*

३०. कोणालाही १०० टक्के देऊ नका आणि शून्यही देऊ नका. २००७ मध्ये १-१५ असलेल्या डॉल्फिन्सनी २००८ मध्ये डिव्हिजन जिंकली.

३१. दोन विजेते बरोबर आले म्हणून समाधान मानू नका. डोळे मिटून निवडले तरी सरासरी तेवढेच बरोबर येतात.

३२. वेगळे दिसण्यासाठी धक्कादायक नाव देऊ नका. आणि धोका नको म्हणून आठही गतविजेते उतरवून काढू नका.

३३. अंदाजावर पैसे लावू नका. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर भारतात २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे.

*पाठपुरावा*

३४. हायलाइट्स पाहून संघ जोखू नका. फळीचे काम आणि फसलेले तिसरे डाउन त्यांत दिसत नाहीत.

३५. नोव्हेंबरमध्येच निकाल लागला असे जाहीर करू नका. २०२३ मध्ये १०-१ वर असलेले ईगल्स ११-६ वर थांबले आणि डिव्हिजन काउबॉइजनी नेली.

३६. कारण लिहिल्याशिवाय एकही विजेता जाहीर करू नका. कारण नसेल तर बरोबर आलेल्या निवडीतूनही पुढच्या वर्षासाठी काही शिकता येत नाही.